व्यवहारमयूखकार नीलकंठभट्ट आणि अनंशांचे पोषण

गोदातीरावरील पैठणाहून काशीस जाऊन तेथे पिढ्यान्‌पिढ्या अग्रपूजेचा मान मिळविणारी जी महाराष्ट्रीय विद्वत्कुले होऊन गेली, त्यांत विश्वामित्रगोत्री भट्टकुलाची बरोबरी करू शकेल असे दुसरे कुल क्वचितच दाखविता येईल. या कुलातील नारायणभट्ट, कमलाकरभट्ट आणि गागाभट्ट ही नावे महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहेत. त्याच कुलातील नीलकंठभट्टाचे नाव मात्र साहित्याच्या अभ्यासकांपेक्षा वकिलांच्या व न्यायाधीशांच्या तोंडी अधिक राहिले. त्याचे चरित्र सांगताना त्याच्या व्यवहारमयूखातील एका लहानशा प्रकरणाकडे प्रस्तुत लेखात विशेष लक्ष द्यावयाचे आहे. दायाचा वाटा कोणास मिळत नाही, हे त्या प्रकरणात सांगितले आहे. ज्यांना वाटा नाही त्यांत आंधळा, पांगळा, उन्मत्त यांच्या ओळीत जडही येतो; म्हणजे ज्याला पुढे आपण मतिमंद म्हणू लागलो आणि ज्याच्या अवस्थेला आजच्या कायद्याच्या भाषेत बौद्धिक अक्षमता म्हणतात, तो. नीलकंठाने काशीत बसून या विषयावर जे लिहिले त्याचे परिणाम मुंबई-गुजरातेतील घराघरांना पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ भोगावे लागले. म्हणूनच त्या प्रकरणाची चौकशी करण्यास केवळ पुराणवस्तूचे कुतूहल हे कारण नाही.

कुलाचा वृत्तान्त आपल्याला नीलकंठाच्या पित्यानेच लिहून ठेवलेल्या गाधिवंशानुचरित या ग्रंथातून कळतो. हा ग्रंथ हरप्रसादशास्त्री यांनी १९१२ साली विद्वानांच्या नजरेस आणला. गोविंदभट्टाचा पुत्र रामेश्वरभट्ट हा पैठणचा अध्यापक. शिष्यांना बरोबर घेऊन कोल्हापूर, विजयनगर, द्वारका असा फिरत फिरत तो शेवटी काशीस येऊन राहिला. त्याचा पुत्र नारायणभट्ट याचा जन्म १५१३ चा. प्रयोगरत्न व त्रिस्थलीसेतु हे याचे ग्रंथ. विश्वेश्वराच्या मंदिराचा सोळाव्या शतकातील जीर्णोद्धार याच्याच पुरस्काराने झाला. पंडितसभेत पहिले आसन या घराण्यास मिळू लागले ते याच्यापासून. नारायणभट्टास रामकृष्ण, शंकर आणि गोविंद असे तीन पुत्र होते. रामकृष्णाच्या शाखेत दिनकर व कमलाकर झाले आणि दिनकराचा पुत्र विश्वेश्वर म्हणजेच १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारा गागाभट्ट. शंकरभट्ट हा थोर मीमांसक. द्वैतनिर्णय हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्याच्या चार पुत्रांत सर्वांत धाकटा तो नीलकंठ. तेव्हा निर्णयसिंधुकार कमलाकर हा नीलकंठाचा चुलतभाऊ आणि गागाभट्ट चुलत पुतण्या.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. महाभारतावर भावदीप ही टीका लिहिणारा नीलकंठ चतुर्धर हाही महाराष्ट्रीय आणि काशीचाच रहिवासी. परंतु तो मूळचा कोपरगावचा, वेगळ्या कुलातला आणि काळानेही नंतरचा. ग्रंथसूचींतून या दोघांची गल्लत आजही अधूनमधून आढळते.

नीलकंठाच्या जन्माचे वर्ष निश्चित करता येत नाही. कमलाकराचा निर्णयसिंधु १६१२ सालचा असल्याने आणि इतर पुरावे त्याच्याशी जुळत असल्याने नीलकंठाचा लेखनकाल सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पडतो, म्हणजे जहांगीर व शाहजहान यांची कारकीर्द. त्या काळच्या काशीत मीमांसा, न्याय, व्याकरण आणि धर्मशास्त्र यांच्या वादसभा भरत आणि त्यांत दाक्षिणात्य पंडितांचा वरचष्मा असे. गोदातीराहूनच आलेल्या कवींद्राचार्य सरस्वतीने शाहजहानाकडून काशी-प्रयागचा यात्राकर माफ करविला तो याच पिढीत. नीलकंठाची घडण पित्याच्या हाताखाली झाली. मीमांसा हे त्याच्या विचाराचे हत्यार होते. वाक्याचा अर्थ लावताना विधी कोणता व अर्थवाद कोणता, एका वाक्यात दोन विधी मानण्याचा दोष येतो की नाही, या प्रश्नांची सवय त्याला लहानपणापासून जडली होती. तिचा ठसा त्याच्या प्रत्येक पानावर दिसतो.

त्याला आश्रयदाता मिळाला तो मात्र काशीबाहेरचा. यमुना आणि चंबळा यांच्या संगमाजवळ भरेह येथे सेंगर राजपुतांचे एक संस्थान होते. तेथील राजा भगवंतदेव याच्या प्रेरणेने नीलकंठाने धर्मशास्त्राचा एक प्रचंड संग्रह सिद्ध केला आणि राजाच्या नावावरून त्याला भगवंतभास्कर असे नाव दिले. ग्रंथ भास्कर म्हणून त्याचे भाग मयूख, म्हणजे किरण. संस्कार, आचार, समय, श्राद्ध, नीति, व्यवहार, दान, उत्सर्ग, प्रतिष्ठा, प्रायश्चित्त, शुद्धि आणि शांति असे हे बारा मयूख होत. विहीर, तळे, बाग लोकांसाठी सोडण्याचा विधी उत्सर्गमयूखात, देवालयाचा प्रतिष्ठामयूखात. राजाने कसे वागावे ते नीतिमयूखात. एवढा विस्तार असूनही लेखन आटोपशीर आहे. कमलाकराची प्रवृत्ती वचनांचा ढीग रचण्याची, नीलकंठाची निवडण्याची. आणि दोघे चुलतभाऊ एकमेकांचे मत खोडण्यास कचरत नाहीत. पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९३३ साली त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. नीलकंठाविषयी काण्यांना वाटणारा आदर त्यांच्या लेखनात लपून राहत नाही, आणि तो अस्थानी आहे असे कोणी म्हणणार नाही.

नीलकंठ केवळ संग्राहक नव्हता, हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरे आहे. निपुत्रिकाच्या वारसांची परंपरा सांगताना विज्ञानेश्वराने मिताक्षरेत बहिणीचा नामनिर्देश केलेला नाही. नीलकंठाने तिला आजीच्या पाठोपाठ जागा दिली. ती भावाच्याच गोत्रात जन्मली आहे, तेव्हा सगोत्रतेसाठी तेवढे पुरेसे आहे, हा त्याचा युक्तिवाद. या एका वाक्यामुळे मुंबई इलाख्यातील बहिणींना इतर प्रांतांत न मिळालेला वारसा मिळाला. वचनाच्या मर्यादेत राहून अर्थ रुंद कसा करावा हे त्याला पक्के ठाऊक होते. अनंशांच्या प्रकरणाकडे वळताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

हे प्रकरण दायविभागाच्या शेवटी येते. त्याचा पाया मनू व याज्ञवल्क्य यांच्या वचनांवर आहे. क्लीब, पतित व पतिताची संतती, पांगळा, उन्मत्त, जड, आंधळा आणि असाध्य रोगाने ग्रस्त यांना वाटा नाही. त्यांचे पोषण मात्र केले पाहिजे. याज्ञवल्क्याच्या श्लोकात हे दोन्ही निर्णय एकाच दमात दिलेले आहेत. पुढच्या श्लोकांत पोषणाची व्याप्ती सांगितली आहे. अशा माणसाचे पुत्र निर्दोष असतील तर पित्याला न मिळालेला वाटा त्यांना मिळतो. मुलींना विवाह होईपर्यंत सांभाळावयाचे. निपुत्रिक पत्नी सदाचरणी असेल तर तिलाही पोसावयाचे. गौतमाने तर जडाचा स्वतंत्र उल्लेख करून त्याच्या अपत्यास भाग दिला आहे. याचा अर्थ असा की, जडाचा विवाह होतो, त्याला बायको-मुले असतात, तो घरातच राहतो, हे शास्त्रकारांनी गृहीत धरले होते.

जड कोणास म्हणावे? विज्ञानेश्वराच्या मते ज्याचे अंतःकरण विकल आहे आणि ज्याला आपले हित कशात व अहित कशात हे ठरविता येत नाही, तो. उन्मत्ताचा विकार वातादि दोषांनी किंवा ग्रहबाधेने आलेला असतो, म्हणून तो निराळा. आजच्या वैद्यकाने मानसिक आजार आणि बुद्धीच्या वाढीतील उणीव यांत जी रेषा ओढली आहे तिच्याशी हा भेद ताडून पाहण्याजोगा आहे. विज्ञानेश्वराने आणखी एक दार उघडे ठेवले होते. औषधाने दोष गेला तर वाटणीनंतरही त्या मनुष्यास भाग द्यावा, वाटणीनंतर जन्मलेल्या पुत्रास देतात तसा. परंतु जन्मतः जड असलेल्याला या सवलतीचा उपयोग काय? त्याच्या बाबतीत ते दार नावालाच उघडे.

संस्कारांच्या बाबतीत शास्त्राची भूमिका अधिक उदार दिसते. बौधायनगृह्यशेषसूत्रात बहिरा, मुका आणि जड यांच्या मुंजीचा वेगळा प्रयोग दिला आहे. बटूला जे म्हणता येत नाही ते आचार्य म्हणतो. थोरला भाऊ जड असताना धाकट्याने आधी विवाह केला तर त्यास परिवेदनाचा दोष लागत नाही. ही सवलत धाकट्याची सोय पाहते हे खरे. पण थोरल्याला कुळाच्या बाहेर काढण्याची वाट तिच्यात नाही. ज्याला मंत्र म्हणता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने मंत्र म्हणावा, ही व्यवस्था ज्या परंपरेने सुचविली तिलाच मिळकतीच्या बाबतीत मात्र तसे का सुचले नाही, असा प्रश्न सहजच मनात येतो. ज्याला मिळकत सांभाळता येत नाही त्याच्यासाठी ती दुसऱ्याने सांभाळावी, हा विचार काही दूरचा नव्हता. अज्ञान बालकाच्या मिळकतीचे रक्षण राजाने करावे हे याच स्मृतींत स्पष्ट सांगितले आहे.

नीलकंठाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोचतो. व्यवहारमयूखाच्या दायप्रकरणारंभी तो स्वत्वाची, म्हणजे मालकीची चर्चा करतो आणि मालकी ही लौकिक वस्तू आहे असे सिद्ध करतो. खरेदी, प्रतिग्रह इत्यादि कारणांनी ती उत्पन्न होते हे लोकव्यवहारावरूनच कळते, त्यासाठी शास्त्र लागत नाही. उलट आंधळ्या-पांगळ्यांना वाटा का नाही याचे जे कारण प्राचीनांनी दिले ते मुळात यज्ञाचे होते. धन यज्ञासाठी, यज्ञाचा अधिकार यांना नाही, म्हणून धनही नाही. विज्ञानेश्वराने सर्व धन यज्ञासाठीच असते हे मत स्त्रियांच्या वारशाच्या संदर्भात खोडून काढले होते. मालकी लौकिक ठरली आणि यज्ञाशी तिचा सांधा निखळला, तर जडाला वगळण्याचे कारणही उरत नाही, उरते ते केवळ वचन. प्रस्तुत लेखकाच्या मते नीलकंठ या टोकापर्यंत युक्तिवादाने पोहोचू शकला असता; तो पोहोचला नाही. बहिणीसाठी त्याने वचनाचा अर्थ ताणला, जडासाठी ताणला नाही. बहिणीच्या बाजूने बोलणारे कोणी ना कोणी घरात असते. जडाच्या बाजूने बहुधा कोणी नसते.

पण पोषणाचा अर्थ तरी काय? पुराणाच्या वाचकांना जडभरताची कथा आठवेल. भागवताच्या पाचव्या स्कंधात बाप आपल्या मुलाला महिनोन्‌महिने गायत्री शिकवितो आणि ती त्याला येत नाही. बाप वारल्यावर सावत्र भाऊ शिकविण्याचा नाद सोडून देतात, त्याला शेताच्या राखणीला बसवितात आणि कण्या, पेंड, कोंडा, भांड्याच्या बुडाची करपलेली खरवड असे जे हाती येईल ते त्याच्यापुढे टाकतात. भरत हा वस्तुतः ज्ञानी होता हे कथेचे मर्म असले, तरी भावांचे वागणे कथाकाराने कल्पनेतून निर्माण केलेले वाटत नाही. असे घर त्याने पाहिलेले असावे. अन्नवस्त्र दिले म्हणजे कर्तव्य सरले असे मानणाऱ्यांचे हे चित्र आहे. मनूने याला पायबंद घालण्यासाठीच अन्नाच्छादन यथाशक्ति आणि आमरण द्यावे असे म्हटले, आणि न देणाऱ्यास पतित ठरविले. येथे एक खोच आहे. पतित हा स्वतःच अनंशांच्या यादीत आहे. तेव्हा जड भावाला न पोसणारा शहाणा भाऊ तर्कदृष्ट्या आपल्याच वाट्यास मुकतो. मीमांसकाच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नसावी. परंतु या आधाराने एखाद्या भावाचा वाटा काढून घेतल्याचा निर्णय पुढील काळातील न्यायालयांच्या परंपरेत रूढ झाला नाही.

घर नसेल तर काय, याचे उत्तर राजधर्मात होते. सभापर्वात नारद युधिष्ठिराला जे कुशलप्रश्न विचारतो त्यांत आंधळे, मुके, पांगळे, व्यंग असलेले व निराधार यांना तू बापासारखे सांभाळतोस ना, हाही एक प्रश्न आहे. कौटिल्यानेही अनाथ व पीडितांचा भार राजावर टाकला आहे. नीलकंठाच्या काशीत मात्र हा भार राजसत्तेपेक्षा क्षेत्राच्या दानधर्मावर पडत असे. घाटावर बसलेल्यास अन्न मिळे. पण ते पुण्यार्थ्याच्या इच्छेने मिळे, मागणाऱ्याच्या हक्काने नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बनारसमध्ये वेड्यांसाठी सरकारी आश्रयगृह निघाले आणि पुढे राजा कालीशंकर घोषाल यांच्या देणगीतून अंध व निराश्रितांसाठी एक आश्रम उभा राहिला. जन्मजात जडांसाठी निराळी सोय या दोहोंतही नव्हती. त्यांची एकमेव संस्था म्हणजे एकत्र कुटुंब.

नीलकंठाच्या उत्तरायुष्याविषयी फारसे कळत नाही. व्रतार्ककार शंकरभट्ट हा त्याचा पुत्र; म्हणजे विद्या पुढच्या पिढीतही टिकली. ज्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने आजोबांचे नाव झाले ते १६६९ साली पाडले गेले. मयूख मात्र हस्तलिखितांतून दक्षिणेकडे व पश्चिमेकडे पसरत राहिले आणि गुजरात व कोकणपट्टीतील शास्त्री व्यवहारमयूखाला प्रमाण मानू लागले. कंपनी सरकारच्या न्यायाधीशांनी शास्त्र्यांना ग्रंथ विचारला तेव्हा त्यांच्या हाती हाच ग्रंथ पडला. हॅरी बोराडेल या मुलकी अधिकाऱ्याने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १८२७ साली सुरतेस छापला गेला. पुढे १८८० साली रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी मूळ व नवा अनुवाद प्रसिद्ध केला. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मयूखाचा अधिकार मिताक्षरेहूनही वरचा ठरला. देशावर तो मिताक्षरेच्या जोडीने पाहिला जाई.

न्यायालयांत गेल्यावर या प्रकरणाचे रूप पालटले. शास्त्र्याच्या हाती असताना ते घर, संस्कार, प्रायश्चित्त आणि राजधर्म यांच्या जाळ्यात गुंतलेले होते. न्यायालयाने वारसा तेवढा उचलला. न्यायाधीशांनी वगळण्याचा नियम शक्य तितका आवळून धरला हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. आंधळेपणा जन्मजात असल्याखेरीज वाटा जात नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८७० च्या दशकात दिला. आणि जो दुसऱ्याला अनंश म्हणतो त्यानेच ते काटेकोर पुराव्याने सिद्ध करावे, असेही ठरले. या सर्व सवलतींचा लाभ अंधाला, बहिऱ्याला, रोग्याला झाला. जडाचा दोष जन्मजातच असतो. जी कसोटी इतरांना सोडविणारी होती तीच त्याला अडकविणारी ठरली. पोषणाचा हक्क न्यायालये मान्य करीत आणि मिळकतीवर त्याचा बोजाही ठेवीत. पण दावा लावण्यासाठी पुन्हा कोणी तरी त्याच्या वतीने उभे राहावे लागे, आणि उभा राहणारा बहुधा तोच भाऊ असे ज्याच्याकडे मिळकत गेलेली असे.

१९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळाने हिंदु वारसा अपात्रता निवारण कायदा केला. रोग, व्यंग किंवा शारीरिक-मानसिक दोष एवढ्याच कारणाने यापुढे कोणाही हिंदूस वारशातून वा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळू नये असे त्याने ठरविले. याज्ञवल्क्याच्या यादीतील आंधळे, पांगळे, असाध्य रोगी एका फटक्यात मोकळे झाले. अपवाद राखला तो एकच, जन्मापासून वेडा किंवा जड असलेल्याचा. सुधारणा करणाऱ्यांनीही त्याला शेवटी ठेवले. पुढची अठ्ठावीस वर्षे हिंदु कायद्यात आपल्या मनाच्या जन्मजात अवस्थेमुळे वाट्याला मुकणारा असा तो एकटाच उरला. १९५६ सालच्या हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने वारशापुरता तो अपवादही नाहीसा केला. त्यानंतर व्यवहारमयूखाचे ते प्रकरण न्यायालयाच्या मेजावरून उतरून ग्रंथालयाच्या फळीवर गेले.

वाटा मिळाल्यावर तो सांभाळावा कोणी, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच खऱ्या अर्थाने उभा राहिला, आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा होण्यास आणखी त्रेचाळीस वर्षे जावी लागली. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याजिल्ह्यातील स्थानिक समित्यांना दिला. अशा समितीत जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला एक अधिकारी, नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. पालकाने मिळकतीची यादी व हिशेब समितीपुढे ठेवावयाचे असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मालकीचा व वारशाचा समान हक्क स्पष्ट शब्दांत नोंदविला आणि पालकत्व मर्यादित असावे, निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यावेत, असे सांगितले. आपले हित कशात हे ज्याला ठरविता येत नाही तो जड, अशी विज्ञानेश्वराची व्याख्या होती. त्याला विचारल्याखेरीज त्याचे हित ठरवू नये, असे आता कायदा म्हणतो.